मांडीपर्यंतचे स्टॉकिंग घसरायचे, ते कसं थांबवलं

लातूरला गंजगोलाईत कापडाच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं काम, त्यात पायाला व्हेरिकोज व्हेन्स, म्हणजे फुगलेल्या वेड्यावाकड्या शिरा, म्हणून डॉक्टरनी मांडीपर्यंतचे कॉम्प्रेशन स्टॉकिंग, म्हणजे पाय दाबून धरणारे घट्ट मोजे, लिहून दिले. क्लास २, म्हणजे घोट्यापाशी २३ ते ३२ एमएमएचजी (बीपी मोजतात तेच माप) दाब. पण दुपारपर्यंत वरची पट्टी सुरळी होऊन गुडघ्याकडं यायलती, आणि अशी सुरळी झाली की दोरी बांधल्यावानी पाय आवळतो, फायदा राहिला बाजूला.

मेडिकलवाल्यानं पँटचा नंबर विचारून साईज दिलती, त्याला काय अर्थ नाही. सकाळी उठल्या उठल्या, सूज नसताना माप घ्यायचं: घोट्याच्या वर सगळ्यात बारीक जागा, पोटरी जिथं जाड तिथं, आणि मांडी. ते कंपनीच्या तक्त्याशी जुळवून बदलून आणले अन् निम्मा प्रॉब्लेम तिथंच गेला. उरलेला निम्मा खोबरेल तेलाचा! आतल्या सिलिकॉनच्या पट्टीला तेल, पावडर, घाम काहीच चालत नाही, ती कोरड्या कातडीलाच धरते, म्हणून तेल आता रात्री.

घालताना भांडे घासायचे रबरी हातमोजे वापरा, मोजा टाचेपर्यंत उलटा करून आधी पाऊल नीट बसवा मग तळहातानं थोडं थोडं वर सरकवा, वरून धरून ओढू नका, फाटतो.

आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळीसच्या वर, तेव्हा लई खाजतं हे खरंय. रोज साध्या साबणानं धुवायचे, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचे. शुगरवाल्यांनी मात्र पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय घालूच नयेत.