‘ब्लिट्झ’चा अर्थ लावताना या चुका टाळा

ब्राझीलमधल्या मित्राचा मेसेज आला, ‘अव्हेनीदावर (म्हणजे हमरस्त्यावर) ब्लिट्झ आहे’, तर हवाई हल्ल्याच्या बातम्या शोधत बसू नका. पोलिसांनी नाकाबंदी लावलीय, दुसऱ्या रस्त्याने ये, एवढंच तो सांगतोय. जर्मनमध्ये ब्लिट्झ म्हणजे वीज. दुसऱ्या महायुद्धात हा शब्द जगभर गेला आणि ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये पोलिसांच्या अचानक तपासणीला चिकटला. तिथे तो स्त्रीलिंगी आहे, जर्मनमध्ये पुल्लिंगी. मराठीत ‘नाकाबंदी’ हा आयता शब्द असताना ‘पोलिसांचा विजेसारखा हल्ला’ वगैरे लिहिणं म्हणजे हसं करून घेणं.

याच नाकाबंदीच्या बातम्यांत ‘लेय सेका’ हमखास भेटते. शब्दशः ‘कोरडा कायदा’, म्हणून काहीजण दारूबंदी लिहून मोकळे होतात. ब्राझीलमध्ये दारूबंदी नाही! हा 2008 चा, दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धचा कायदा. पोलीस गाडी बाजूला घ्यायला लावतात, कागद बघतात आणि फुंकायचं यंत्र, म्हणजे ‘बाफोमेत्रो’, पुढे करतात. फुंकायला नकार दिला तरी सुटका नाही: दंड भरायचा आणि 12 महिने परवाना निलंबित.

इंग्रजीत गोंधळ वेगळा. ‘द ब्लिट्झ’ आणि ‘ब्लिट्झक्रीग’ एकच समजू नका. ब्लिट्झक्रीग म्हणजे रणगाडे आणि विमानं एकत्र वापरून झटपट निकाल लावण्याची पद्धत. ‘द ब्लिट्झ’ म्हणजे सप्टेंबर 1940 ते मे 1941 या काळात लंडन आणि इतर ब्रिटिश शहरांवर झालेली बॉम्बफेक, ज्यात 40,000हून जास्त नागरिक गेले. नावात वीज, पण चाललं आठ महिने. तेव्हा तिथे ‘विजेसारखं युद्ध’ लिहिलंत तर अर्थच उलटा होतो.

आजच्या इंग्रजीत युद्ध फारसं उरलेलंही नाही. रेसिपीत कोथिंबीर-मिरची ‘ब्लिट्झ’ करा म्हटलं की मिक्सरमधून फिरवा. निवडणुकीत ‘मीडिया ब्लिट्झ’ म्हणजे प्रचाराचा धडाका. बुद्धिबळात ब्लिट्झ म्हणजे झटपट डाव, प्रत्येक खेळाडूला 10 मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ. मुंबईच्या जुन्या वाचकाला मात्र यातलं काहीच आठवणार नाही. त्याच्या लेखी ब्लिट्झ म्हणजे 1941 मध्ये सुरू झालेलं रुसी करंजियांचं साप्ताहिक.

गोव्यात पोर्तुगीज शिकणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. तिथे सहसा पोर्तुगालची भाषा शिकवतात, आणि लिस्बनमध्ये नाकाबंदीला ‘ओपरासांव स्टॉप’ म्हणतात. तिथे नुसतं ‘ब्लिट्झ’ म्हटलं तर समोरच्याला 1984 मध्ये निघालेलं संगीताचं नियतकालिक आठवण्याची शक्यता जास्त.