पहिली कॉन्टेसा उभी करताय? रंगाच्या आधी या चुका टाळा

अमेरिकेत मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी, म्हटलं की १९६४ ची पाँटियाक जीटीओ आणि तिचं ६.४ लिटरचं व्ही-एट इंजिन आठवतं. आपल्याकडे तो मान कॉन्टेसाला मिळाला. हिंदुस्तान मोटर्सने ती १९८४ मध्ये आणली. मूळ आराखडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा होता. सुरुवातीला तिच्यात अॅम्बॅसडरचंच १४८९ सीसी इंजिन बसवलं होतं, जेमतेम ५० अश्वशक्तीचं. पुढे इसुझूचं १.८ लिटर इंजिन आलं आणि त्या लांब बोनेटला शोभेल असा दम मिळाला. २००२ च्या सुमारास उत्पादन थांबलं, म्हणजे सगळ्यात नवी कॉन्टेसासुद्धा आज वीस वर्षांच्या पुढची आहे.

अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचं मनात असेल तर एक गोष्ट आधी सांगतो. अर्धवट सोडलेल्या गाड्यांचं कारण पैसा असतं असं सगळे म्हणतात. माझ्या मते बहुतेकांचा कामाचा क्रम चुकतो आणि पैसा त्यामुळेच संपतो.

चकचकीत रंगावर भाळणं

नवा रंग मारलेली जुनी गाडी सगळ्यात धोक्याची, कारण खाली काय आहे ते दिसत नाही. गाडी बघायला जाताना खिशात एक लोहचुंबक ठेवा आणि त्याला पातळ सुती कापड गुंडाळा, म्हणजे रंगावर चरे पडणार नाहीत. दाराखालच्या सिलवर, मागच्या चाकांच्या कमानींवर, हेडलाइटच्या खाली तो हळूहळू फिरवा. पत्रा असेल तिथे तो चटकन चिकटतो, पुट्टीचा जाड थर असेल तिथे सैल पडून घसरतो. एखाद्या ठिकाणी तळहाताएवढ्या भागात चुंबक धरतच नसेल, तर तिथला पत्रा कधीच खाऊन गेलेला आहे.

मग कार्पेट उचला. ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर, डिकीतली स्टेपनीची खोलगट जागा, बॅटरीखालचा पत्रा आणि पुढच्या काचेचा खालचा कोपरा, या चार ठिकाणी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. भदभद वाजलं, पापुद्रे निघाले तर किंमत पाडून मागा किंवा सरळ परत फिरा. आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेत आयुष्य काढलेली गाडी पत्र्याच्या बाबतीत मुंबई-कोकणातल्या गाडीपेक्षा बहुधा बरी निघते. तिचे हाल उन्हाने झालेले असतात: डॅशबोर्ड तडकलेला, दारांचे रबर कडक, सीटचं रेक्झीन फाटलेलं. ही कामं परवडतात. चेसीच्या भागातला गंज मात्र पहिल्या गाडीसाठी नकोच.

कागद नंतर बघू म्हणणं

कॉन्टेसात पेट्रोल काढून डिझेल इंजिन टाकण्याचे प्रकार खूप झाले. इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. तेव्हा आरसीवरचा इंजिन नंबर, चेसी नंबर आणि इंधन हे तिन्ही गाडीवर प्रत्यक्ष ताडून बघा, त्यासाठी ग्रीस पुसावं लागलं तरी पुसा. नंबर जुळत नसेल तर टोकनचे पैसेही देऊ नका.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यावर पर्यावरण कर. मधली वर्षं गाडी नुसती उभी असेल तर थकबाकी किती, हे सोलापूरच्या आरटीओ कार्यालयात (एमएच-१३) जाऊन आधीच विचारा. ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणी करू, असं कुणी सुचवलं तर लक्षात घ्या, ती ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी आहे. कॉन्टेसाला अजून अवकाश आहे.

उत्साहात अख्खी गाडी खोलणं

सुट्टीच्या एका दिवसात गाडी सुटी करता येते. पुन्हा जोडायला वेळ लागतो, आणि तोवर कुठला बोल्ट कुठला हे कुणालाच आठवत नाही. एकावेळी एकच भाग खोला. खोलण्याआधी फोटो काढा, एक लांबून आणि एक जवळून. बोल्ट, वॉशर, क्लिपा छोट्या पिशवीत घाला, तिच्यावर चिकटपट्टी लावून पेनाने लिहा: ‘डावं पुढचं दार, वरची बिजागरी, २ लांब, १ आखूड’. नुसतं ‘दार’ लिहून भागत नाही. बोल्ट बाजारात मिळतीलही, पण बंपरचा कोन किंवा मागच्या दिव्याची कड कुरिअरने मागवताना नाकी नऊ येतात.

तुटका जुना पार्ट टाकू नका. नमुना हातात असेल तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणारे लेथवाले बुश, पिन, स्पेसर हुबेहूब करून देतात. ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग मात्र असे घडवून घेऊ नयेत, ते योग्य दर्जाचेच विकत घ्यावेत.

रंग आधी, यंत्र नंतर

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. गाडी रंगवून आणली की घरचे खूश, शेजारी खूश. मग इंजिन उतरवताना साखळी फेंडरला लागते, ब्रेक ऑइल रंगावर सांडतं आणि रंग उकलतो. क्रम असा ठेवा: पत्रा आणि वेल्डिंग, मग ब्रेक-सस्पेन्शन, इंजिन-गिअरबॉक्स, वायरिंग, मग निदान महिनाभर गाडी चालवून बघणं. पत्र्याला तोवर प्रायमर पुरे. होटगी रोड, विजापूर रोड असे फेरे मारा, खडखड ऐका, गळती शोधा. त्यानंतर रंग, शेवटी सीट आणि क्रोम.

रंगानंतर हेडलाइट मंद झाले, इंडिकेटर लावला की दुसराच दिवा लुकलुकायला लागला, तर वायरिंगवाल्याला दोष देण्याआधी अर्थिंग तपासा. बॉडीला जिथे काळी वायर बोल्टने बसते तिथे रंगाचा थर चढलेला असतो. तेवढी जागा पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करा आणि बोल्ट आवळा.

बंद पडलेल्या इंजिनाला सरळ सेल्फ मारणं

वर्षानुवर्षं उभं असलेलं इंजिन बॅटरी लावून फिरवू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी पान्याने हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका, हेड उघडा. फिरलं तर ऑइल आणि फिल्टर बदला, टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, टाकी आतून गंजली आहे का ते टॉर्च लावून बघा.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि ते इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतूनही जातं. ऐंशीच्या दशकातले रबर त्यासाठी बनलेले नव्हते. पेट्रोलचे पाइप, कार्बोरेटरचे सील आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारे बसवा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर तेच पेट्रोल टाकीत साठवून ठेवू नका.

एप्रिल-मेमध्ये गाडी तापली की नुसता पंखा बदलणं

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घातलं की क्षार साचून नळ्या बुजतात. रेडिएटर उतरवून साफ करून घ्या, मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच घाला. पूर्वी कुणी थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारी झडप) काढून टाकला असेल तर नवा बसवा. तो नसला की इंजिन योग्य तापमानावर यायला फार वेळ लागतो आणि तेवढी झीज वाढते.

दुपारी नवी पेठेत दहा मिनिटं थांबून परतलात आणि गाडी चालूच होईना, पण तासाने एका झटक्यात लागली, तर पेट्रोलच्या लाइनमध्ये वाफ अडकलेली असू शकते. लाइन एक्झॉस्टपासून लांब घ्या, मध्ये पत्र्याची आड लावा.

आणखी थोडं

जो खर्च काढाल त्याच्या वर निदान तिसरा हिस्सा बाजूला ठेवा, कारण पत्रा उघडल्याशिवाय खरा आकडा कळत नाही. गॅरेजला सगळे पैसे एकदम देऊ नका. टप्पा ठरवा, काम बघा, मग पुढचे द्या.

टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूचा चार आकडी शिक्का वाचा. २३१४ म्हणजे २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. असा टायर गाडी ढकलायला ठीक, महामार्गावर नाही.

शेडमध्ये गाडीवर धुळीसाठी जुनी सुती सोलापुरी चादर उत्तम. उघड्यावर, पावसात तीच ओल धरते, आणि प्लास्टिकची ताडपत्री तर खालची वाफ बाहेरच पडू देत नाही. जागेची सोय नसेल तर गाडी घ्यायच्या आधी ती करा.