प्रोसिजर चालते, पण पायथॉनला डेटा मिळत नाही
एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधली स्टोअर्ड प्रोसिजर (साठवून ठेवलेला एसक्यूएल आदेशांचा संच) त्याच्या मॅनेजमेंट स्टुडिओ या टूलमध्ये चालवली की थकबाकीची यादी व्यवस्थित दिसायची. पायओडीबीसी या पायथॉनला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीतून कॉल केली की सगळ्या ओळी आणणाऱ्या फेचऑलवर एरर: 'नो रिझल्ट्स. प्रीव्हियस एसक्यूएल वॉज नॉट अ क्वेरी.'

प्रोसिजर आधी टेंपररी टेबलात इन्सर्ट करते, मग सिलेक्ट. त्या इन्सर्टमुळे किती ओळी बदलल्या हा आकडाही ड्रायव्हर स्वतंत्र रिझल्ट धरतो आणि कर्सर (रिझल्ट वाचणारा ऑब्जेक्ट) तिथेच थांबतो. प्रोसिजरच्या सुरुवातीलाच हा आकडा पाठवणं बंद करणारं 'सेट नोकाउंट ऑन' टाकलं, यादी लगेच आली.

प्रोसिजरला हात लावायची परवानगी नसेल, तर कर्सरचं डिस्क्रिप्शन (रिझल्टच्या कॉलमांची माहिती) 'नन' आहे तोवर पुढच्या रिझल्टवर नेणारं नेक्स्टसेट कॉल करत राहा. त्याने 'फॉल्स' दिलं की थांबा. मला पहिला उपायच पटतो, तीच प्रोसिजर वापरणाऱ्या सगळ्यांची अडचण एकदम सुटते. आणि प्रोसिजर कायमच्या टेबलात काही लिहीत असेल तर कमिट नक्की करा, म्हणजे बदल कायम होतील. पायओडीबीसीत ऑटोकमिट मुळात बंद असतं.