फिजीतल्या गावात सणाला जायचं असेल तर

मी औसा तालुक्यातला. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतातल्या सणाला, आमच्या शेताच्या बांधावरून कुणीही जाऊ द्या, ओळखीचा असो नसो, त्याला हाक मारून कोपीपुढं (कडब्याच्या खोपीपुढं) बसवायचं आणि भज्जी-आंबील पाजल्याशिवाय सोडायचं नाही. त्यामुळं परका माणूस सणात कसा वागला की बरा वाटतो आणि कसा वागला की डोक्यात जातो, हे मी यजमानाच्या बाजूनं लहानपणापासून बघत आलोय. मग एक वर्ष मीच परका झालो. फिजीतल्या वानुआ लेवू बेटावरच्या एका गावात पावसाच्या पाण्याच्या टाक्या आणि पन्हळी बसवायला स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. आता तिकडं निघालेली पोरं विचारतात, म्हणून लिहितोय.

आधी उच्चार. विमान उतरतं ते गाव लिहितात नादी, म्हणतात नांदी. वानुआ लेवूवरच्या लाबासा गावाचं लंबासा होतं. त्यांच्या लिपीत ‘द’च्या आधी न आणि ‘ब’च्या आधी म गुपचूप येऊन बसतो. एवढं जमलं की निम्मं गाव आपलं. आणि विमानतळावर पिशवीतलं खाणं, बी-बियाणं सगळं खरं सांगा. मी हौसेनं मूठभर ज्वारी नेली होती, पेरून हुरडा करायच्या बेतानं. ती तिथंच राहिली.

सुट्ट्यांची गंमत अशी की ख्रिसमस, गुड फ्रायडे, दिवाळी आणि पैगंबर जयंती अशा सगळ्यांच्या सुट्ट्या तिथं आहेत. १८७९ पासून १९१६ पर्यंत साठेक हजार हिंदुस्थानी मजूर ऊसतोडीला तिकडं नेले गेले, आज तिथं दिवाळी करणारे हिंदुस्थानी म्हणजे त्यांचीच पुढची पिढी. उसाला माणसं कशी जातात हे आमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. २०२३ पासून त्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नावानंही सुट्टी असते. १० ऑक्टोबर हा स्वातंत्र्यदिन. पण मूळ फिजीयन गावात खरा सण म्हणजे ख्रिसमस ते नवं वर्ष, भर उन्हाळ्यात आणि वादळांच्या हंगामात. मी मुख्यतः त्याचंच सांगतो.

गावात पहिल्यांदा जाताना हातात यांगोना पाहिजे. यांगोना म्हणजे कावाच्या झाडाची वाळलेली मुळं. बाजारात वर्तमानपत्रात गुंडाळून, रिबिनीनं बांधून जुड्या मिळतात. अर्धा किलोची घ्या, आणि सणाच्या आठवड्यात दाम वाढायच्या आत घ्या. कुटलेली पूड नेऊ नका, अख्खी मुळंच न्या. ही जुडी मुखियाच्या हातात कोंबायची नसते, पुढ्यात चटईवर ठेवायची. बोलायचं काम तुमच्या बाजूनं गावातलाच कुणी करतो. या विधीला सेवुसेवु म्हणतात. माझ्या वतीनं बोलणाऱ्याला मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत विन्स्टन वादळानं त्यांचं बेट झोडपलं होतं. तो बोलता बोलता मध्येच थांबला, माझ्याकडं वळून विचारलं, ‘रेल्वेनं? पिण्याचं पाणी?’ सगळी बैठक हसली, आणि मग कुणीच हसेना. त्या दिवसापासून माझं नाव ‘पाण्याच्या गाडीवाला’ पडलं.

मग कावा पिणं. लाकडी पसरट भांड्यात मुळांचा भुगा कालवतात आणि नारळाच्या करवंटीतून एकेकाला देतात. आपली पाळी आली की तळवे पोकळ करून एक टाळी वाजवायची, ‘बुला’ म्हणायचं, एका दमात प्यायचं, करवंटी परत द्यायची आणि तीन टाळ्या वाजवायच्या. चव गढूळ पाण्यासारखी, जीभ बधिर होते. ही दारू नव्हे, पण चार-पाच करवंट्यांनंतर डोळे जड होतात. कमी पाहिजे असेल तर ‘लो टाइड’ म्हणा, थोडीच मिळेल. जास्तीला ‘हाय टाइड’, आणि पार काठोकाठ म्हणजे ‘त्सुनामी’. पहिल्याच रात्री मी फुशारकीत त्सुनामी मागितली, त्याचं पुढं काही सांगत नाही.

बसताना मांडी घालायची, पाय कुणाच्या तोंडाकडं करायचे नाहीत. बसलेल्यांच्या मधून जायचं झालं तर कमरेत वाकून ‘तुलोउ’ म्हणत जायचं. गुडघ्याखालपर्यंत सुलू, म्हणजे आपल्या लुंगीसारखं, आणि खांदे झाकलेले. गावात टोपी आणि गॉगल काढून हातात. माझी चूक वेगळीच झाली. शेजारचं लेकरू पळत आलं, तसा आमच्या आजोबांसारखा मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आपल्याकडं तो आशीर्वाद असतो, तिथं डोक्याला हात लावत नाहीत. त्याच्या आजीनं काही म्हटलं नाही, फक्त लेकराला हळूच आपल्याजवळ ओढलं. ते अजून आठवतं.

आता खाणं. ख्रिसमसच्या सकाळी खड्डा खणून लाकडावर दगड लालबुंद करतात, त्यावर केळीच्या पानात गुंडाळलेलं अन्न, वर पानं, पोती आणि माती. दोन-तीन तासांनी उकरतात. याला लोवो म्हणतात. पाहुण्याला चटई देऊन सावलीत बसवायला बघतात. बसू नका. बाया-पोरं नारळ खवत असतात तिकडं जा. खवणी पाटासारखी असते, तिच्यावर बसून मांड्यांच्या मधल्या पात्यावर वाटी फिरवायची. आमच्या भागात नारळ म्हणजे देवापुढं फोडायची वस्तू, त्यामुळं माझ्या पहिल्या वाटीतून खोबऱ्यापेक्षा करवंटीच जास्त निघाली. पण दहाव्या नारळापर्यंत सगळे माझ्याकडं बघायचे थांबले, आणि मला तेच पाहिजे होतं.

मी माळकऱ्याच्या घरचा, मांस-मासे खात नाही. त्याची लाज वाटू द्यायची नाही, पण ताटावर बसल्यावर सांगायचं नाही. दोन दिवस आधी सांगायचं. हिंदुस्थानी शेजाऱ्यांमुळं शाकाहार त्यांना माहीत आहे. माझ्यासाठी पालुसामी वेगळी बांधली. चमकुऱ्याची पानं (पुण्याकडचे अळू म्हणतात), कांदा आणि नारळाचं दूध, एवढंच. एरवी तिच्यात डब्यातलं मांस घालतात, म्हणून विचारून घ्या. आमच्या घरी चमकुऱ्यात घसा खवखवू नये म्हणून चिंच घालतात, तिथं नारळाच्या दुधात भरपूर वेळ शिजवतात. वाफाळती पुडी उघडली आणि मला आईच्या स्वयंपाकघराचा वास आला. डोळ्यांत पाणी धुरामुळं आलं, असं मी सांगितलं.

चर्चला जा. प्रार्थना येत नसली तर गप्प बसा, गाणं ऐका. चार आवाज वेगवेगळ्या पट्टीत उचलतात, वाद्य नसलं तरी छत भरून जातं. वर्गणी गोळा होते, त्यासाठी सुटे डॉलर ठेवा. कुणाच्या घरातल्या वस्तूची फार तारीफ करू नका, ती उचलून तुम्हालाच देतील. आणि एकतीसच्या रात्री मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घाला, कारण बारा वाजले की बादल्या भरून पाणी फेकायला सुरुवात होते आणि ते एका दिवसात थांबत नाही. फिजीत बारा वाजतात तेव्हा औशात संध्याकाळचे साडेपाच. मी ओल्या अंगानं घरी फोन केला, तर आई म्हणाली, ‘अजून दिवे लागले नाहीत, कसलं नवं वर्ष?’

निघताना पुन्हा यांगोना लागतो. निरोप मागायचाही विधी आहे, इतातौ. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी शिल्लक जुड्या दोन दिवस आधीच वाटून बसलो होतो. शेवटी बाजाराला जाणाऱ्या ट्रकवाल्याला पैसे दिले. ट्रक परत येईस्तोवर माझं परतीचं जहाज सुटलं होतं. पुढच्या जहाजाला तीन दिवस होते, तेवढ्यात शाळेमागच्या टाकीचा गळका नळ बदलून टाकला.