अनुदान मिळते, पण हातात येत नाही: पीएमईजीपीतून युनिट उभे करतानाचा अनुभव

फॉल-पिको आणि ब्लाउज शिवण्याच्या कामातून कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीकडे वळायचे मी २०२२ मध्ये ठरवले, तेव्हा कराड तालुक्यातल्या आमच्या गावात ‘पस्तीस टक्के माफ’ हे शब्द ज्याच्या-त्याच्या तोंडी होते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे पीएमईजीपीत, ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळते, हे खरे आहे. शहरात तेच २५ टक्के असते आणि महिला ज्यात येतात त्या विशेष प्रवर्गात न बसणाऱ्यांना गावात २५ व शहरात १५ टक्के. चुकीचा आहे तो ‘माफ’ हा शब्द. हे पैसे माझ्या खात्यावर येतील आणि मला ते वापरता येतील, असा अर्थ मी त्यातून काढला आणि त्या भरवशावर माझ्या मामांकडून १,२०,००० रुपये उसने घेतले. शेडचे डिपॉझिट आणि थ्री फेज वीजजोडणी यांत ते गेले. ‘चार महिन्यांत अनुदान आले की परत करते,’ असे मी त्यांना सांगितले होते. ते परत करायला मला चौदा महिने लागले.

अर्ज, आधार, जातीचा दाखला, ग्रामपंचायतीचा दाखला हे सगळे तुम्हाला ठाऊक असेलच, म्हणून त्यात शिरत नाही. पैशाचा प्रवास मात्र सावकाश वाचावा, कारण तो मला कोणीही समजावून सांगितला नव्हता.

माझा प्रकल्प ८,००,००० रुपयांचा होता. स्वतःचा हिस्सा ५ टक्के, म्हणजे ४०,००० रुपये मी भरले. उरलेले ७,६०,००० रुपये बँकेने कर्ज म्हणून मंजूर केले. अनुदान बसत होते २,८०,००० रुपये, पण मंजुरी पूर्ण ७,६०,००० रुपयांची होते, अनुदान वजा करून नव्हे. कर्जाचा पहिला हप्ता वितरित झाल्यावर आणि उद्योजकता प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडल्यावर बँक अनुदानाची मागणी करते. ती रक्कम बँकेकडे येते आणि तुमच्या कर्जाशी जोडलेल्या मुदत ठेवीत तीन वर्षे पडून राहते. मुदत संपल्यावर, प्रत्यक्ष पाहणीत युनिट चालू असल्याचे दिसले, की ती कर्जात वळती होते. म्हणजे ती कर्जाचा शेवट कमी करते. सुरुवातीच्या अडचणीच्या महिन्यांत तिचा एक रुपयाही तुमच्या कामी येत नाही.

अनुदान जमा झाल्याचा संदेश मोबाइलवर आला, त्या दिवशी मी पासबुक घेऊन शाखेत गेले. नोंदी छापून घेतल्या, तर शेवटच्या ओळीत फक्त कर्जाचा हप्ता कापल्याची नोंद होती. अधिकाऱ्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून ठेवीचा क्रमांक दाखवला आणि म्हणाले, “ताई, हे पैसे तुमच्या कर्जाशेजारी ठेवलेत. तीन वर्षं ते तुम्हालाही काढता येणार नाहीत आणि आम्हालाही.” त्या संध्याकाळी मामांना फोन करायचा मला धीर झाला नाही.

याच ठेवीत दुसरी गोष्ट दडलेली आहे आणि ती तुमच्या फायद्याची आहे. नियमानुसार या ठेवीवर तुम्हाला व्याज मिळत नाही, पण तेवढ्याच रकमेच्या कर्जावर बँकेनेही व्याज आकारायचे नसते. माझ्या शाखेत सात महिने संपूर्ण शिलकेवर व्याज लागत राहिले. ११ टक्क्यांनी २,८०,००० रुपयांवर वर्षाला ३०,८०० रुपये, म्हणजे महिन्याला अडीच हजारांहून अधिक होतात. आमच्या धंद्यात तेवढ्यात धाग्याचा महिन्याचा खर्च निघतो. मी कर्जखात्याचा उतारा मागितला, ठेवीची तारीख लिहून लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि जादा व्याज परत जमा झाले. तोंडी विचारले तेव्हा तीन वेळा ‘बघतो’ एवढेच उत्तर मिळाले होते. त्यामुळे अर्ज लेखीच द्यावा आणि पोचेचा कागद जपून ठेवावा.

मंजुरीपूर्वी मशीन घेऊ नका. विक्रेता सवलतीची घाई करतो, पण योजनेतले पहिले कर्ज केवळ नव्या युनिटसाठी असते, आणि आधीच्या तारखेचे बिल तुम्हाला त्यातून बाहेर काढू शकते. ‘टक्क्यावर’ काम करून देणाऱ्या मध्यस्थाला दारात उभे करू नका. अर्ज ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे, उद्यम नोंदणीलाही, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीलाही, एक रुपया लागत नाही. प्रकल्प अहवालाचे नमुने खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने उपलब्ध करून दिलेले आहेत. अहवाल स्वतः लिहावा असे माझे ठाम मत आहे, कारण बँकेत प्रश्न तुम्हाला विचारतात, लिहून देणाऱ्याला नाही.

एवढे वाचून घाबरू नये. दहा लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला तारण द्यावे लागत नाही, त्यामुळे कोणी सातबारा मागितला तर नियम दाखवावा. आरसेटीतले, म्हणजे बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेतले, प्रशिक्षण मोफत असते, राहण्या-जेवणासह. मला तिथल्या वर्गाइतकाच उपयोग शेजारच्या गावातल्या एका पापड उद्योगवाल्या काकूंचा झाला, कारण त्यांची तीन वर्षे पूर्ण झाली होती. कर्ज नुकतेच मंजूर झालेल्या माणसाचा सल्ला घेऊ नये. तो आनंदात असतो आणि पुढचे त्याने पाहिलेले नसते. खेळत्या भांडवलासाठी, म्हणजे रोजच्या खर्चासाठी, बँकेने दिलेली कर्जाची मर्यादा तीन वर्षांत एकदा तरी पूर्ण वापरलेली दिसावी लागते, हे मला काकूंनीच सांगितले.

इतर योजनांचेही पैसे कोणत्या वेळी आणि कोणाच्या खात्यावर येतात, हे आधी विचारावे. मुद्रा हे निव्वळ कर्ज आहे, त्यात अनुदान नाही. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या योजनेत आधी हप्ता वेळेवर भरायचा आणि मग व्याज परतावा मिळतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यांत शिंपीकामही आहे, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांचे ई-व्हाउचर मिळते, रोख नाही.

म्हणून पहिल्या वर्षाचा हिशेब अनुदान शून्य धरून मांडावा: हप्ता, भाडे, वीजबिल, कामगाराचा पगार, आणि ऑर्डर नसलेले निदान तीन महिने. तो जुळत नसेल तर प्रकल्प लहान करावा. मी आज पुन्हा अर्ज केला असता, तर आठ लाखांऐवजी पाच लाखांचा केला असता आणि मामांना फोन करायची वेळच येऊ दिली नसती.