जोडधंद्याचा बँड काढण्याआधी

"ताई, आमचा बँड आहेच, पण मला आणि एका मित्राला बाजूला सिंथपॉपचं काहीतरी करायचंय. करू का?" हे मला वर्षातून तीन-चारदा तरी कुणी ना कुणी विचारतं. (सिंथपॉप म्हणजे सिंथेसायझरच्या इलेक्ट्रॉनिक आवाजांवर उभं राहिलेलं पॉप.) माझं उत्तर ठरलेलं आहे: कर, पण किती दिवस करायचं ते आधी बोलून घे.

मी बोलून घेतलं नव्हतं. पुण्यात आमचा पाच जणांचा बँड होता, मी कीबोर्डवर. कॉलेजमधला एक मित्र नोकरीसाठी बेंगळुरूला गेलेला, रात्री जेवण झालं की लॅपटॉपवर बीट्स करत बसायचा. त्याने बीट पाठवायची, मी चाल आणि शब्द घालायचे. 2016 ते 2018. पाच गाणी, तीन कार्यक्रम, एक मोठं भांडण आणि मग सगळं आपसूक थांबलं.

आमच्या डोळ्यांपुढे अर्थातच 'द पोस्टल सर्व्हिस' हा दोघा अमेरिकनांचा बँड होता. हे दोघं तुम्ही ऐकले नसतील तर आधी ऐका, कारण जोडधंद्याच्या बँडचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. बेन गिबर्ड हा 'डेथ कॅब फॉर क्यूटी' या चालू बँडचा गायक, जिमी टॅम्बोरेलो 'डंटेल' या नावाने एकट्याने इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा. 2001 च्या डंटेलच्या अल्बममध्ये गिबर्ड एका गाण्यापुरता पाहुणा म्हणून गायला आणि ते जमलं. मग टॅम्बोरेलोने लॉस एंजेलिसहून संगीत टपालाने पाठवायचं, गिबर्डने त्यात कापाकापी करून आवाज चढवायचा आणि परत टपालात टाकायचं, असं चाललं. बँडचं नावही त्यातूनच आलं. 'गिव्ह अप' हा अल्बम फेब्रुवारी 2003 मध्ये सिॲटलच्या 'सब पॉप' कंपनीने काढला. गाणी दहा. पुढे अमेरिकेत 10 लाखांच्या वर खप गेला, आणि त्या कंपनीच्या इतिहासात 'निर्वाना' या बँडच्या पहिल्या अल्बमनंतर याचाच नंबर लागतो.

आणि दुसरा अल्बम? नाहीच. प्रयत्न झाले, पण दोघांचे मूळ उद्योग जोरात होते. त्याच 2003 च्या ऑक्टोबरमध्ये डेथ कॅबचा 'ट्रान्सअटलांटिसिझम' आला आणि गिबर्ड तिकडे गेला. लोक याला अर्धवट राहिलेलं काम म्हणतात. मला ते पटत नाही. ब्रिटिश सिंथपॉपवाल्या विन्स क्लार्कने 1983 मध्ये 'द असेंब्ली' काढला तेव्हा तर एकच सिंगल निघालं, फर्गल शार्की गायला, ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि बँड संपला. दोन वर्षांनी क्लार्क 'इरेजर' या दुसऱ्या बँडमध्ये होता. त्या एका सिंगलला कुणी अपुरं म्हणत नाही.

टपालाचा मला वाटणारा खरा फायदा वेगळाच आहे. पाकीट पेटीत टाकलं की चार दिवस त्याला हात लावता येत नाही. आमच्याकडे क्लाउडवरचं सामायिक फोल्डर होतं, म्हणजे हात लावायला चोवीस तास मोकळीक. आमच्या तिसऱ्या गाण्याच्या तेवीस आवृत्त्या निघाल्या. 'फायनल', 'फायनल नक्की', 'फायनल आईशप्पथ'. एकदा अख्खा रविवार मी पंख्याखाली नाही, पंखा बंद करून, कपाटात तोंड घालून आवाज रेकॉर्ड केला. रात्री त्याचा फोन: "अगं, मी टेम्पो 112 केला ना परवा." मी 110 वर, म्हणजे मिनिटाला 110 ठोक्यांवर, गायले होते. दोनचा फरक कानाला कळत नाही, पण तिसऱ्या ओळीपर्यंत आवाज बीटच्या मागे लोंबकळायला लागतो. आवाज ताणून बसवता येतो, आम्ही बसवलाही, पण 'स' आणि 'श' पाण्यातून आल्यासारखे लागत होते. शेवटी पुढच्या रविवारी पुन्हा कपाट.

त्यानंतर नियम केला: फाइलच्या नावात टेम्पो आणि स्वर लिहायचा, प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या अगदी शून्यापासून बाहेर काढायचा, भले पहिला दीड मिनिट शांतता असो, आणि रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा इफेक्ट, लावून पाठवायचं नाही. एकमेकांचं गाणं उलगडताना यातली एक जरी गोष्ट राहिली तरी संध्याकाळ जाते.

वाद्यांवर पैसे उधळू नका. मी सेकंडहँड मायक्रोकॉर्ग हा छोटा सिंथेसायझर घेतला होता, त्याच्या छोट्या 37 पट्ट्या आणि एका वेळी चारच स्वर. पाच बोटं ठेवली की एक स्वर गुपचूप गायब होतो. हार्मोनियमवरून आलेल्या माणसाला हे फार लागतं. पण त्यामुळेच मी भरगच्च कॉर्ड सोडून दोन-तीन स्वरांत बोलायला शिकले, आणि सिंथपॉपला तेच हवं असतं.

कार्यक्रमांचं थोडक्यात सांगते. लॅपटॉपमागे दोन माणसं उभी राहिली की लोक बिल भरून निघतात. पोस्टल सर्व्हिसने 2003 च्या दौऱ्यावर 'रायलो काइली' या बँडची गायिका जेनी लुईस सोबत घेतली, अल्बममध्येही ती गायली आहे, आणि त्या मंचाला जीव आला तो तिच्यामुळे. आमच्या पहिल्या कार्यक्रमात साउंडवाल्याने विचारलं, "ड्रमर कधी येणारे?" मग आमच्या लॅपटॉपला एकच वायर दिली. आमचा अर्धा बेस उजव्या बाजूला होता, तो कुणालाच ऐकू गेला नाही. मोनो मिक्स, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र केलेलं गाणं, तयार ठेवा, दोन डीआय बॉक्स (लॅपटॉप साउंड सिस्टिमला जोडायच्या छोट्या पेट्या) लागतील हे आदल्या दिवशी फोन करून सांगा.

आता भांडणाकडे. ते नावावरून झालं. आमचं नाव आधीच एका दुसऱ्या बँडचं निघालं, आणि आमची दोन गाणी स्ट्रीमिंगवर त्यांच्या पानावर जाऊन बसली. त्यांना राग आला, बरोबरच होतं. मित्र म्हणाला नाव बदलू, मी म्हणाले पोस्टर छापलेत. पोस्टल सर्व्हिसवर तर प्रत्यक्ष अमेरिकन टपाल खात्याची नोटीस आली होती, 2003 मध्ये, हे नाव आमचा ट्रेडमार्क आहे म्हणून. ते प्रकरण मजेशीर मिटलं: नाव वापरा, पण टपालाचा प्रचार करा आणि आमच्या अधिकाऱ्यांच्या वार्षिक परिषदेत वाजवा. शिवाय खात्याच्या वेबसाइटवर त्यांच्या सीडी विकायला ठेवल्या. आम्हाला असं कुणी भेटलं नाही, आम्ही नाव बदललं आणि पोस्टर रद्दीत गेली. तुम्ही नाव ठरवण्याआधी स्ट्रीमिंगवर शोधा, ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर वर्ग 41 मध्ये, म्हणजे मनोरंजनाच्या वर्गात, शोधा, अर्धा तास लागतो.

त्याच बैठकीत वाटणीही लिहून टाका. गाणं, म्हणजे चाल आणि शब्द, ही एक मालकी आणि रेकॉर्डिंग ही दुसरी. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे नोंद होते ती पहिलीची. बीट करणाऱ्याला चालीत हिस्सा आहे की नाही यावर आम्ही दोन महिने एकमेकांशी नीट बोललो नव्हतो, आणि विषय होता किती पैशांचा? स्पॉटिफायवर तर आता वर्षाला 1,000 वेळा ऐकलं गेल्याशिवाय गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच लागू होत नाही. आमची दोन गाणी त्या रेषेच्या वर आहेत, तीन खाली.

आणि मूळ बँडला पहिल्या दिवशी सांगा. माझ्या बँडला ते पोस्टरवरून कळलं. पुढचे दोन गुरुवार तालमीत मला फक्त 'बरं' आणि 'चालेल' ऐकायला मिळालं. गिबर्ड 2023 च्या दौऱ्यात रोज रात्री आधी डेथ कॅबबरोबर आणि मग पोस्टल सर्व्हिसबरोबर गात होता, दोन्ही अल्बमना वीस वर्षं झाली म्हणून. आमच्या गिटारवाल्याला मी ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, "त्याने आधी विचारलं असेल."

गाणी ऑनलाइन ठेवणाऱ्या कंपनीची फी दर जानेवारीत येते. ती मी भरते आणि मित्र अर्धे पैसे पाठवतो. बाकी वर्षभर आमचं फारसं बोलणं होत नाही. यंदा पैशांबरोबरच्या टिपेत त्याने लिहिलं होतं: 'टपालखर्च'.