अमेरिकेतल्या विद्यापीठाने काढून टाकलं? अपील करताना या चुका टाळा

मे संपत आला की मला फोन येऊ लागतात. रात्री उशिरा, आणि सुरुवात ठरलेली: “दादा, एक मेल आलाय.” मेल ग्रॅज्युएट स्कूलचा असतो. जीपीए, म्हणजे चारपैकी मोजली जाणारी ग्रेडची सरासरी, ३.० च्या खाली गेला, प्रोबेशनच्या, म्हणजे सुधारायला दिलेल्या सेमिस्टरमध्येही वर आला नाही, म्हणून मास्टर्समधून डिसमिसल. खाली एक ओळ असते, की अमुक दिवसांत अपील करता येईल. पोरं ती ओळ वाचतच नाहीत. वरचा शब्द वाचूनच हातपाय गळतात.

माझेही गळले होते. तो मेल मलाही आला होता आणि पहिलं अपील मी पार वाया घालवलं. त्यामुळे पुढे जे लिहिलंय, त्यातल्या बऱ्याच चुका माझ्या घरच्याच आहेत.

अपील म्हणजे दयेचा अर्ज नव्हे

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. माझं पहिलं पत्र तीन पानांचं होतं. बाबांनी माझ्यासाठी काढलेलं शैक्षणिक कर्ज, घरावरचा बोजा, आईचं ब्लडप्रेशर, लहानपणापासूनचं इंजिनियर व्हायचं स्वप्न, सगळं त्यात होतं. उत्तर दोन ओळींचं आलं: अपिलासाठी लागणारं कारण दिसत नाही.

तेव्हा रागाने फणफणलो होतो, पण त्यांचं बरोबर होतं. अपील समितीसमोरचा प्रश्न ‘हा मुलगा चांगला आहे का’ असा नसतोच. नियमाप्रमाणे काम झालं का, निर्णय मनमानी किंवा भेदभावाचा होता का, आणि निर्णय घेताना समोर नसलेली एखादी महत्त्वाची माहिती आता आली आहे का, एवढंच बहुतेक ठिकाणी पाहिलं जातं. तुमच्या विद्यापीठात नेमकी कोणती कारणं चालतात ते ग्रॅज्युएट हँडबुकात लिहिलेलं असतं. ज्या वर्षी तुम्ही प्रवेश घेतला त्या वर्षीचं हँडबुक काढा. नियम मधे बदललेले असू शकतात.

मी ते दुसऱ्या अपिलाच्या वेळी वाचलं. त्यात स्पष्ट होतं की प्रोबेशनवर टाकताना विभागाने लेखी कळवायचं आणि सल्लागारासोबत सुधारणेचा आराखडा बनवायचा. मला ना पत्र आलं होतं, ना आराखडा झाला होता. दुसरं पत्र एका पानाचं लिहिलं. वर तारखांचा तक्ता, त्याखाली नियमाचा क्रमांक, मग माझी मागणी: एक सेमिस्टरची मुदत. आईच्या ब्लडप्रेशरचा उल्लेख नव्हता. मुदत मिळाली.

मार्कांचं भांडण यात आणू नका

पेपरची फोटोकॉपी मागवायची, रिव्हॅल्युएशन टाकायचं, तोवर एटीकेटीवर पुढच्या वर्गात बसायचं, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. तिथे ग्रेडविरुद्धचं अपील आणि डिसमिसलविरुद्धचं अपील हे सहसा दोन वेगळे रस्ते असतात. अर्ज वेगळे, मुदती वेगळ्या. एखादा ग्रेड खरोखर चुकीचा असेल तर तो अर्ज स्वतंत्र टाका आणि डिसमिसलच्या पत्रात त्याचा एका ओळीत उल्लेख करा. ‘प्रोफेसरने मुद्दाम सी दिला’ असं पुराव्याशिवाय लिहिलंत की समितीतले त्याचे सहकारी पुढचं पत्र वेगळ्या नजरेने वाचतात. माणसंच आहेत ती.

गावाकडच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट

हे जरा स्पष्टच सांगतो. आजारपण खरं असेल तर तो भक्कम मुद्दा आहे. पण त्यासाठी त्या काळातले उपचार, भेटींच्या तारखा, औषधं असं काहीतरी दाखवावं लागतं. फॅमिली डॉक्टरकडून मागच्या तारखेचं पत्र आणणं हा तुमच्याकडे ‘आपलेपणा’ असेल, तिथे ती बनावट कागदपत्रं. मग प्रकरण अभ्यासाचं राहत नाही, शिस्तभंगाचं होतं.

आणखी एक: अपंगत्व किंवा मानसिक आजारासाठीच्या सवलती साधारणपणे मागच्या तारखेपासून लागू होत नाहीत. पण निदान उशिरा झालं असेल, तर तीच तुमची ‘नवी माहिती’. आता उपचार सुरू आहेत आणि त्याने काय बदलणार आहे, हे सोबत दाखवा.

वडिलांना मेल करायला लावू नका

‘फर्पा’ नावाच्या १९७४ च्या कायद्यामुळे तुमच्या लेखी संमतीशिवाय विद्यापीठ पालकांशी तुमच्या रेकॉर्डबद्दल सहसा बोलतच नाही. उलट हाच कायदा तुम्हाला कामाचा आहे: स्वतःची फाइल पाहायची मागणी करता येते आणि ती त्यांना ४५ दिवसांच्या आत दाखवावी लागते. अपिलाची मुदत याहून लहान असू शकते, म्हणून मागणी पहिल्याच दिवशी करा.

“अपील चालू आहे, म्हणजे व्हिसा सेफ”

नाही. यात गाफील राहिलेल्या पोरांचं सर्वात जास्त नुकसान होताना मी पाहिलंय. अपील ग्रॅज्युएट स्कूलमध्ये असतं, तुमचा एफ-१ चा, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा, रेकॉर्ड सेव्हिस या सरकारी नोंदणी यंत्रणेत, आणि दोघांची घड्याळं वेगळी चालतात. पदवी पूर्ण करणाऱ्याला देश सोडायला ६० दिवस मिळतात. डीएसओच्या (विद्यापीठातला परदेशी विद्यार्थ्यांचे रेकॉर्ड सांभाळणारा अधिकारी) परवानगीने मधेच बाहेर पडणाऱ्याला १५. स्टेटस मोडल्यामुळे, म्हणजे व्हिसाच्या अटी न पाळल्यामुळे, रेकॉर्ड टर्मिनेट झाला, तर एकही नाही.

म्हणून मेल आल्या दिवशीच इंटरनॅशनल ऑफिसात जा. डीएसओला सरळ विचारा: अपिलाचा निकाल लागेपर्यंत माझी नोंदणी राहते का? रेकॉर्ड कोणत्या तारखेला बंद होईल? तोवर दुसऱ्या कॉलेजात ट्रान्सफर करता येईल का? रेकॉर्ड चालू असताना ट्रान्सफर सोपी, टर्मिनेट झाल्यावर अवघड. पुढे मग रीइन्स्टेटमेंटचा, म्हणजे गेलेलं स्टेटस परत मागायचा, आय-५३९ अर्ज उरतो. त्यात स्टेटस तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने गेलं हे पटवावं लागतं आणि साधारण पाच महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो. टीए किंवा आरएची (शिकवण्यात किंवा संशोधनात मदतनिसाची) नोकरी असेल तर ती आणि विमा कधी थांबतो, तेही त्याच बैठकीत विचारून घ्या.

“कोर्टात खेचतो”

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा सल्ला देणारा एक तरी असतोच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मिसूरी विद्यापीठाच्या आणि १९८५ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या खटल्यात विद्यापीठांच्याच बाजूने कौल दिला. दोन्ही विद्यार्थी वैद्यकीय शिक्षण घेणारे. अभ्यासातली गुणवत्ता ठरवणं हे शिक्षकांचं काम, न्यायाधीश त्यात सहजासहजी हात घालणार नाहीत, असा त्याचा मथितार्थ. भेदभावाचा ठोस पुरावा असेल तर वकील जरूर गाठा. नाहीतर आधी ओंबड्सच्या, म्हणजे तक्रारी ऐकून घेणाऱ्या तटस्थ अधिकाऱ्याच्या, ऑफिसात जा. तिथे फुकटात आणि गोपनीयपणे बोलता येतं.

हिशेब न करता मुदत मागणं

‘मी खूप मेहनत करेन’ हा आराखडा नाही. बीचे ३ आणि सीचे २ धरले, तर सहा विषयांत पाच बी आणि एक सी असेल, तर १८ क्रेडिटवर जीपीए २.८३ होतो. पुढच्या सेमिस्टरला तीन विषय घेऊन तिन्हींत बी प्लस आणला, तरी बहुतेक ठिकाणच्या ३.३ च्या हिशेबाने तो २.९९ वर अडकतो आणि तुम्ही पुन्हा बाहेर. त्यातला एक ए मायनस (३.७) झाला तर ३.०३. कोणत्या विषयात तो ए मायनस येणार आहे आणि का, हे पत्रात विषयाच्या नावासकट लिहा. मी माझा विषय सल्लागाराशी बोलून निवडला होता आणि तिची सहमतीची दोन ओळींची मेल अपिलाला जोडली होती.